संध्याकाळी सहानंतर पाणी नको

गेल्या महिन्यात गोव्यात फोंड्याला पालकांच्या एका बैठकीला गेले होते. पालक म्हणजे शाळेतल्या पोरांचे नव्हेत, पस्तिशी-चाळिशीतल्या मुलामुलींचे, ज्यांना बौद्धिक अक्षमता आहे, ऑटिझम आहे, सेरेब्रल पाल्सी आहे, आणि ज्यांचे आईवडील आता सत्तरीच्या पुढे गेलेत. विषय एकच, आमच्या माघारी कोण. आदल्याच आठवड्यात कुठल्यातरी केअर सेंटरमधला मारहाणीचा व्हिडिओ सगळ्यांच्या मोबाइलवर येऊन गेला होता, असे व्हिडिओ वर्षातून दोनतीनदा येतातच, त्यामुळे अर्ध्या तासात बैठकीचे दोन तट पडले. एक तट म्हणतो कॅमेरे लावा, खोलीखोलीत लावा, लिंक आमच्या मोबाइलवर द्या, केअरटेकरचं पोलीस व्हेरिफिकेशन करा आणि जरा काही दिसलं की घरी पाठवा. दुसरा तट म्हणतो कॅमेऱ्याने माया येत नाही हो, पूर्वीसारखी सेवाभावी माणसं राहिली नाहीत, तशी शोधून आणा. दोन तास हेच चाललं, मध्ये चहा झाला, परत तेच. मी मागे बसून ऐकत होते, उठून नीट बोलता येईना, आणि घरी आल्यावर झोप येईना, म्हणून लिहायला बसले.

मी अकरा वर्षं एका निवासी केंद्रात काम केलंय, पहिली काही वर्षं केअरटेकर म्हणून, नंतर सुपरवायझर म्हणून. त्या अनुभवावरून सांगते, दोन्ही तटांची चूक एकच आहे. दोघांनाही वाटतं की सगळं केअरटेकर माणूस कसा आहे यावर अवलंबून आहे, वाईट असेल तर पकडा, चांगला असेल तर आणा. माझं म्हणणं असं की आधी विचारा, त्या केअरटेकरच्या वर कोण आहे, तो शिफ्टमध्ये कुठं उभा असतो, त्याला स्वतःला हे काम येतं का, आणि त्याच्या हातात काही ठरवायचा अधिकार आहे का. तीच मावशी एका इन्चार्जच्या हाताखाली सोन्यासारखं काम करते आणि दुसऱ्याच्या हाताखाली सहा महिन्यांत दगड होते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय, एकदा नाही अनेकदा. आणि एकदा तर तो वरचा माणूस मीच होते.

ते आधी सांगते. सुपरवायझर झाल्यावर मला टेबल मिळालं, आणि टेबल मिळालं की कागद येतातच, हजेरी, औषधांचं रजिस्टर, किराण्याची बिलं, ग्रँटचे फॉर्म, पालकांचे फोन. दिवसातून दोनदा हॉलमध्ये चक्कर मारायची, सगळं स्वच्छ, सगळे जेवलेले, छान. जुलै महिना होता. आमच्याकडे एक दादा होते, वय बेचाळीस, बोलण्यात मोजून चारपाच शब्द, त्यातला एक उदक, म्हणजे पाणी. त्यांना लघवीचं इन्फेक्शन झालं, ताप चढला, तापात फिट आली, हॉस्पिटलात न्यावं लागलं. डॉक्टरांनी मला साधा प्रश्न केला, हे दिवसभरात पाणी किती पितात? मला सांगता येईना. रजिस्टरमध्ये तो कॉलमच नव्हता. परत आले आणि पहिल्यांदाच संध्याकाळी साडेपाचपासून रात्रीपर्यंत हॉलमध्ये बसून राहिले, काही न बोलता. सहा वाजले, आणि एका मावशीने पाण्याचा जग उचलून कपाटाच्या वर ठेवला. अगदी सहज, रोज ठेवतात तसा. विचारलं तर म्हणाली, मॅडम, सहानंतर पाणी दिलं तर रात्री अंथरुणं भिजतात.

आता तुम्ही तिला काय म्हणाल? क्रूर? ती बाई क्रूर अजिबात नव्हती. रात्री अठरा जणांमागे दोन मावश्या, त्यातले अकरा जण स्वतःहून उठून संडासला जाऊ न शकणारे, चादरी माणशी दोन, आणि पावसात आमच्याकडे चादर वाळायला तीन दिवस लागतात हे गोव्यातल्या कुठल्याही घरात विचारा. ओल्या चादरीवर माणूस झोपवायचा की तहानलेला ठेवायचा, असा पेच तिच्यापुढे रोज रात्री यायचा आणि तो तिने तिच्या परीने सोडवला होता. तिला कुणी शिकवलं नव्हतं, तिने कुणाला विचारलं नव्हतं, कारण विचारायला हॉलमध्ये कुणी नव्हतंच, मी टेबलावर होते. पहिल्या वर्षी एकीने केलं, दुसरीने बघून केलं, तिसरी नवीन आली तिला तो नियम म्हणूनच सांगितला गेला. आणि त्या दादांनी उदक म्हणणंच सोडून दिलं होतं. मिळत नाही म्हटल्यावर माणूस मागायचं बंद करतो, आपण म्हणतो, किती शांत झालाय.

या हॉलमध्ये कॅमेरा असता तर काय दिसलं असतं? मावशी तोंड पुसतेय, पांघरूण घालतेय, केसावरून हात फिरवतेय. न दिलेलं पाणी कॅमेऱ्यात दिसत नाही. आणि सेवाभाव? तो त्या बाईकडे भरपूर होता, चवथीला स्वतःच्या घरून नेवऱ्या आणून सगळ्यांना भरवणारी बाई ती.

ही गोष्ट नवीन आहे असंही नाही, आपल्या गोव्याच्याच मातीत तिचा चारशे वर्षांपूर्वीचा पुरावा आहे. जुन्या गोव्यात मांडवीच्या काठी पोर्तुगीज राजाचं मोठं हॉस्पिटल होतं. 1608 मध्ये पिरार द लावाल नावाचा फ्रेंच खलाशी आजारी अवस्थेत गोव्यात आला आणि त्याला त्या हॉस्पिटलात ठेवलं, तेव्हा कारभार जेझुइट पाद्रींकडे होता. त्याने लिहून ठेवलंय की असं हॉस्पिटल जगात दुसरं नसेल, स्वच्छता, अंथरुणं, जेवणाची भांडी चिनी मातीची आणि चांदीची. पुढे 1641 मध्ये आणि परत 1648 मध्ये ताव्हेर्निये हा दुसरा फ्रेंच प्रवासी गोव्यात आला. तो म्हणतो की पूर्वी या हॉस्पिटलाचं नाव होतं, पण व्यवस्थापन बदलल्यापासून आजाऱ्यांचे हाल आहेत, आणि खालच्या नोकरांना चिरीमिरी दिल्याशिवाय प्यायला पाणीसुद्धा मिळत नाही. त्या नोकरांबद्दल तो फार वाईट लिहितो, त्या काळच्या गोऱ्या माणसाने लिहावं तसंच, सगळा दोष त्यांच्या जातकुळीवर टाकून. पण त्याच्याच लिहिण्यात खरं कारण आधी येऊन गेलंय, व्यवस्थापन बदललं. चाकरी करणारे हात आधीही गरिबाचेच असणार ना? मग तेव्हा पाणी मिळत होतं आणि नंतर का नाही? आज आपण व्हिडिओ बघून जे करतो ते ताव्हेर्नियेने तेव्हाच केलं होतं, सगळ्यात खालचा माणूस पकडला आणि विषय संपवला.

आता समोरच्यांचं म्हणणं. कॅमेरावाल्यांच्या बाजूने एक मुद्दा इतका जोरदार आहे की तो टाळून पुढे जाणं बरोबर नाही. आमच्या लोकांना सांगता येत नाही. बोलणारा म्हातारा माणूस निदान मुलीला फोन करून रडेल, आमच्या दादाकडे चार शब्द आहेत. मग साक्षीदार कोण? आणि कॅमेऱ्यानेच बाहेर आलेली प्रकरणं आहेत. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलजवळ विंटरबोर्न व्ह्यू नावाचं खाजगी हॉस्पिटल होतं, बौद्धिक अक्षमता आणि ऑटिझम असलेल्या मोठ्या माणसांसाठी. 2011 मध्ये बीबीसीच्या एका पत्रकाराने तिथे केअरटेकर म्हणून नोकरी धरून छुप्या कॅमेऱ्याने जे टिपलं ते बघवत नाही. 11 कर्मचारी दोषी ठरले, 2012 मध्ये 6 जण तुरुंगात गेले, हॉस्पिटल बंद झालं. कॅमेरा नसता तर झालं असतं का हे? नसतं झालं. हे मी मान्य करते, आणि कॉरिडॉरला, जेवणाच्या हॉलला कॅमेरा असावा असंच माझं मत आहे. अंघोळीच्या आणि कपडे बदलायच्या जागी मात्र अजिबात नको, चाळीस वर्षांच्या बाईची अंघोळ कुणाच्या मोबाइलवर दिसायचं काही कारण नाही.

पण तीच गोष्ट पूर्ण वाचा. पत्रकार पोचायच्या आधीच तिथल्या एका सिनियर नर्सने लेखी तक्रार केली होती, वरच्यांना कळवलं होतं, बाहेरच्या यंत्रणेलाही कळवलं होतं. कुणी हललं नाही. म्हणजे पाहणारा माणूस होता, सांगणारा माणूस होता, कॅमेऱ्याच्या आधी होता. दोषी ठरलेल्या 11 जणांत दोन नर्स होते, म्हणजे ज्यांनी थांबवायला हवं होतं त्यांच्यातलेच. आणि पैशाची अडचण म्हणाल तर त्या हॉस्पिटलात एका माणसामागे आठवड्याला सरासरी 3,500 पौंड घेतले जात होते. पैसा होता, इमारत नवी होती, कागद सगळे होते. दिवसाच्या मधोमध, शिफ्टमध्ये, हे आमच्याकडे चालणार नाही असं म्हणणारा आणि म्हटल्यावर ज्याचं ऐकलं जाईल असा माणूस नव्हता.

मारहाणीचा व्हिडिओ कुठं सुरू होतो ते मी सांगते. तो तीन महिने आधी सुरू होतो. आमच्याकडे सावंतवाडीकडची एक पोरगी नवीन लागली होती, वीस-एकवीसची. ऑटिझम असलेल्या एका अंगापिंडाने मोठ्या दादांनी सकाळी दात घासताना तिच्या दंडाला कडकडून चावा घेतला. ती बाथरूममध्ये जाऊन रडली, तोंड धुतलं आणि कामाला लागली. जर त्या दिवशी तिच्यापाशी कुणी बसलं नाही, जखमेला औषध लावून दिलं नाही, उद्या सकाळी त्याच्याकडे तू नको, मी जाते असं कुणी म्हटलं नाही, तर दुसऱ्या दिवशी ती त्याचं मनगट जरा जास्त घट्ट धरणार. आठवड्याने ओरडणार. महिन्याने ती त्याला घाबरणार आणि ती घाबरते म्हणून तो बिथरणार. त्यानंतर एके दिवशी तिचा हात उठेल आणि तेवढेच दहा सेकंद तुमच्या मोबाइलवर येतील, आणि तुम्ही म्हणाल, व्हेरिफिकेशन केलं नव्हतं वाटतं.

आमच्याकडे तसं झालं नाही, कारण पाण्याच्या प्रकरणानंतर मी टेबल सोडलं होतं आणि एका जुन्या मावशीला सकाळच्या शिफ्टचं इन्चार्ज केलं होतं, चौथीपर्यंत शिकलेली बाई. ती नाश्त्याला त्या दादांच्या समोर बसायची. तिने पाहिलं की ते उंड्याचा, म्हणजे गोल पावाचा, आतला मऊ भाग खातात आणि कडक कड टाकतात, दोन आठवड्यांपासून, पूर्वी कडच आधी खायचे. आणि घास चावतात तो फक्त डाव्या बाजूने. दाताच्या डॉक्टरकडे नेलं तर उजवीकडची दाढ किडून सुजलेली. दोन आठवडे तो माणूस ब्रश तोंडात गेला की कळवळत होता आणि आम्ही फाइलमध्ये लिहीत होतो, आक्रमक वागणूक. दाढ काढली, चावणं संपलं. हे निदान कुठल्या थेरपिस्टने केलं नाही. रोज त्याच टेबलावर बसणारी, बघायचं कसं हे शिकलेली, आणि आपण सांगितलं तर मॅडम ऐकतात याची खात्री असलेली बाई, तिने केलं. या तीन गोष्टी एकत्र लागतात. नुसती बसणारी असून भागत नाही.

आणि बघायचं काय, हे शिकवता येतं. अमेरिकेत या क्षेत्रात चार गोष्टींना मिळून जीवघेणे चार म्हणतात, अन्नपाणी श्वासनलिकेत जाणं, शरीरातलं पाणी कमी पडणं, बद्धकोष्ठता आणि फिट. यातली एकही गोष्ट मोठी दिसत नाही. पेज भरवताना मान मागे टेकलेली असते, जेवल्या जेवल्या आडवं केलं जातं, चार दिवस संडासला झालं नाही हे तीन वेगवेगळ्या शिफ्टच्या तीन मावश्यांना वेगवेगळं माहीत असतं आणि एकत्र कुणालाच माहीत नसतं. फिट आली की अजूनही नाकाला कांदा लावतात, चप्पल हुंगवतात, दातांत चमचा घालतात. कुशीवर वळवा, घड्याळ बघा, तोंडात काही घालू नका, पाच मिनिटांच्या वर गेली तर 108 ला फोन करा, एवढं सांगायला किती वेळ लागतो? पण एकदा सांगून ते राहत नाही. दर शिफ्टला दहा मिनिटं हँडओव्हर लागतो, उभ्या उभ्या, जाणारी आणि येणारी समोरासमोर, कोण किती प्यालं, कोणाला झालं नाही, कोण आज गप्प आहे. आमच्याकडे तो सुरू केला तेव्हा सगळ्या कुरकुरल्या कारण जाणाऱ्यांची कदंबा बस चुकायची. मग ड्युटीची वेळ पंधरा मिनिटं पुढेमागे केली, तेवढंच. केअरटेकर स्वतः ही वेळ बदलू शकत नाही, तिच्या वरचा माणूस बदलू शकतो. चादरींचंही तसंच झालं, माणशी पाच केल्या, रबरशीट घेतली, रात्री दहाला आणि दोनला उठवून संडासला न्यायचं ठरलं, आणि जग कपाटावरून खाली आला.

तुम्ही कुठल्याही हॉस्पिटलच्या वॉर्डात जा, बांबोळीला जा नाहीतर म्हापशाला, तिथे सिस्टर इन्चार्ज असते. ती एकेकाळी तिथेच नाइट ड्युटी केलेली असते. हेही आपोआप आलेलं नाही. दीडदोनशे वर्षांपूर्वी इंग्लंडातसुद्धा आजाऱ्याची सेवा म्हणजे मोलकरणीचं काम समजत, फ्लॉरेन्स नाइटिंगेलने 1860 मध्ये लंडनला नर्सिंगची शाळा काढली तेव्हा तिथून नुसत्या नर्स नाही, दुसऱ्या हॉस्पिटलांत जाऊन वॉर्ड चालवणाऱ्या नर्स बाहेर पडाव्यात असा हेतू होता. आमच्याकडे काय आहे? खाली केअरटेकर, वर मॅनेजर, मध्ये रिकामं. स्पीच थेरपिस्ट, स्पेशल एज्युकेटर यांची 1992 च्या कायद्याने पुनर्वास परिषदेकडे नोंदणी होते, केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टची केअरगिव्हर ट्रेनिंगची सहयोगी नावाची योजना आहे, चांगलंच आहे. पण मी जेवढी ट्रेनिंगं केली त्यात अंघोळ कशी घालावी, व्हीलचेअरवरून पलंगावर कसं घ्यावं हे होतं, अंघोळ घालणाऱ्या सहा जणींना कसं सांभाळावं हे कशातच नव्हतं.

सेवाभाववाल्यांकडे येते. त्यांचा मुद्दा मला मनापासून पटतो, अर्धा. माया शिकवता येत नाही हे खरंच आहे, काही माणसं हॉलमध्ये शिरली की सगळे चेहरे तिकडे वळतात, ते कुठल्या सर्टिफिकेटने येत नाही. पण सेवा हा शब्द आपण कुणाबद्दल वापरतो ते बघा. इंजिनियरला आपण सेवाभावी शोधत नाही. सेवा म्हटलं की पगाराचं मानधन होतं, आठ तासांचे बारा होतात आणि सुट्टी मागणारी बाई स्वार्थी ठरते. अंगणवाडी 1975 मध्ये सुरू झाली, तिथल्या बायकांना मानधनावरच ठेवलं, आणि त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे हे सुप्रीम कोर्टाने सांगायला 2022 उजाडलं. सत्तेचाळीस वर्षं! आपण त्याच वाटेने केअरटेकरना न्यायचं का? आमची दाढ ओळखणारी मावशी, ती पुढे गेली सोडून. कळंगुटला हॉटेलात हाउसकीपिंगला. पगार जास्त, टिप वेगळी, कुणी चावत नाही. तिच्यात माया कमी होती म्हणून गेली का? मुलीच्या कॉलेजची फी भरायची होती. मी तिला थांबवू शकले नाही, आणि तिला मी दोष दिला नाही.

म्हणून पैसे कुठून आणायचे हा प्रश्न छोटा आहे असं मी म्हणणार नाही. छोट्या संस्था ग्रँट उशिरा आली की दुकानदाराकडे उधारी करतात, हे मी केलेलं आहे. पण शिफ्ट इन्चार्ज म्हणजे प्रत्येक वेळी नवीन पोस्टच लागते असं नाही, असलेल्यांतल्या एकीला जबाबदारी, थोडा जास्त पगार, आणि मुख्य म्हणजे तिच्या वाट्याचे काही बेड कमी करून वेळ द्यावा लागतो. आणि माणसं सोडून जातात त्याचा खर्च कोण धरतो? अमेरिकेत या कामातले शंभरातले 40 च्या आसपास लोक वर्षात नोकरी सोडतात असं त्यांचे सर्वे सांगतात, तिथे पगार आपल्या कितीतरी पट असूनही. प्रत्येक जाणाऱ्या बाईबरोबर कोण कुठल्या कुशीवर झोपतो, कोणाला फिट यायच्या आधी डोळा फडफडतो हे सगळं निघून जातं आणि नवीन माणूस शून्यापासून सुरू करतो. आमचे लोक तर ते कुणाला सांगूही शकत नाहीत.

एक छोटी गोष्ट, पण मला ती छोटी वाटत नाही. बैठकीत दोन्ही तट बोलताना एकच शब्द वापरत होते, मुलं. आमची मुलं, स्पेशल मुलं. आईवडिलांनी म्हणावं, आईला पन्नाशीचा मुलगाही मूलच. पण स्टाफने का? मूल म्हटलं की त्याला विचारावं लागत नाही, आज कुठला शर्ट, आंबा हवा की केळं, अंघोळ आत्ता की नंतर. दाढी आलेल्या माणसाचं डायपर सगळ्यांच्या समोर बदलायला आपल्याला काही वाटत नाही. आमच्याकडे इन्चार्जने दादा-ताई म्हणायला सुरुवात केली, कुणाला भाषण दिलं नाही, स्वतः म्हणू लागली, महिन्याभरात सगळा हॉल म्हणू लागला, पाणी बंद करायचा नियम जसा न सांगता पसरला तसाच हाही पसरला.

काही जण याच्याही पुढे जातात आणि म्हणतात की निवासी केंद्रंच बंद करा, सगळी दुःखं तिथली आहेत. याला मी उडवून लावत नाही. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार भारताने 2007 मध्ये मंजूर केला, आपला 2016 चा दिव्यांग हक्क कायदाही समाजात राहण्याचा हक्क देतो, आणि मोठ्या संस्थांचा इतिहास भयंकरच आहे. न्यूयॉर्कची विलोब्रूक ही बौद्धिक अक्षमता असलेल्यांची संस्था 4,000 जणांसाठी बांधली होती, तिथे 6,000 च्या वर माणसं कोंबली गेली, 1972 मध्ये टीव्हीवर ते दिसलं तेव्हा देश हादरला, 1987 मध्ये ती बंद झाली. आपल्याकडे तमिळनाडूत एरवाडीला 2001 मध्ये साखळदंडाने बांधलेले 28 मनोरुग्ण आगीत गेले. चार-पाच जणांची छोटी घरं, वाड्यावर, शेजार असलेली, हेच पुढे व्हायला हवं, माझी काहीच हरकत नाही. पण चार जणांच्या त्या घरातही रात्री पाणी कुणीतरी एक बाईच देणार. तिथे तर दुसरी मावशीही नसेल बघायला. घर जितकं छोटं तितकी तिला शिकवणारी, भेटणारी, तिच्या बाजूने उभी राहणारी माणसं जास्त लागतील.

गोव्याने गेल्या काही वर्षांत बरंच केलंय. 2023 च्या जानेवारीत पणजीला पहिला पर्पल फेस्ट, दिव्यांगांचा महोत्सव, झाला, आम्ही आमच्या सात जणांना घेऊन गेलो, रॅम्प होते, खुणांची भाषा होती, एक ताई इतकी नाचली की रात्री गाढ झोपली. ते सगळं हवंच. फक्त त्या गर्दीत प्रत्येकीच्या हाताशी एक केअरटेकर उभी होती, तिच्याबद्दल कुठं काही नव्हतं.

2016 च्या कायद्याप्रमाणे अशा केंद्राला नोंदणी लागते. त्याच कायद्याच्या 92 व्या कलमात, आपल्या ताब्यातल्या दिव्यांग व्यक्तीला जाणूनबुजून अन्नपाणी नाकारलं तर सहा महिने ते पाच वर्षं शिक्षा आहे. त्या हिशोबाने माझ्या हॉलमधली मावशी गुन्हेगार ठरली असती आणि मी साक्षीदार. आमच्याकडे माझ्या काळात तपासण्या झाल्या, दर वेळी सकाळी अकराच्या सुमाराला. स्वयंपाकघर पाहिलं, आग विझवायचा सिलिंडर पाहिला, हजेरीपट पाहिला, बाथरूमच्या टाइल्स पाहिल्या. रात्रीच्या शिफ्टला कोण इन्चार्ज असतं हे एकदाही कुणी विचारलं नाही, हँडओव्हरची वही कुणी मागितली नाही, केअरटेकरशी तर कुणी बोललंच नाही. नोंदणीच्या फॉर्मवर हा एक रकाना घाला एवढी माझी मागणी आहे, दर शिफ्टचा जबाबदार माणूस कोण, त्याने स्वतः किती वर्षं हे काम केलंय, त्याला ट्रेनिंग काय दिलं. आणि वर्षातून एक तपासणी रात्री दोनला करा, न सांगता.

बैठक संपल्यावर बाहेर चपला घालताना एक आजी माझ्याजवळ आल्या, त्यांची मुलगी अडतीस वर्षांची. म्हणाल्या, बाय, मी तिच्यासाठी जागा बघायला जाणार आहे पुढच्या आठवड्यात, काय विचारू सांग, कॅमेऱ्याचं विचारू का? मी म्हटलं, विचारा, पण आधी पाण्याचा जग कुठं आहे ते बघा, आणि संध्याकाळी सहानंतर जा.